‘डक हंट’ खेळायला शिकताना: बघणारी बंदूक आणि तीन गोळ्या

पहिल्या दहा मिनिटांत तुमचे बहुतेक बार फुकट जातील आणि गवतातून डोकं वर काढून एक कुत्रा तुम्हाला फिदीफिदी हसेल. हे सगळ्यांचंच होतं, तेव्हा मनावर घेऊ नका. बंदुकीने टीव्हीवरची उडती बदकं टिपायच्या निन्टेन्डोच्या या व्हिडिओ गेममध्ये नेमबाजीपेक्षा जास्त खोळंबा होतो तो मांडामांडीत. टीव्ही चुकीचा, दिवा चुकीच्या जागी, चाप अर्धवट दाबलेला, आणि दोष मात्र बिचाऱ्या हाताला. म्हणून आधी मांडणी सांगतो, मग नेम.

त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. या बंदुकीतून काहीही बाहेर पडत नाही. किरण नाही, सिग्नल नाही, काही नाही. तिच्या नळीत एक भिंग आहे आणि भिंगामागे प्रकाश ओळखणारा छोटा सेन्सर. थोडक्यात, ही बंदूक म्हणजे एक डोळा आहे. गोळी टीव्हीकडे जात नाही, टीव्हीचा उजेड बंदुकीकडे येतो.

तुम्ही चाप ओढता तेव्हा संपूर्ण पडदा क्षणभर काळा होतो. लगेच पुढच्या फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या पुढच्याच चित्रात, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, बाकी सगळं काळंच. बंदुकीने आधी अंधार आणि मग उजेड पाहिला, तर नेम लागला. दोन्ही वेळा अंधारच दिसला, तर चुकला. दोन बदकं असतील तर चौकोनही एकामागून एक उमटतात, त्यामुळे कोणतं बदक पडलं हे खेळाला कळतं. सेकंदाला ६० फ्रेम या हिशेबाने हे इतक्या झटकन उरकतं की तुम्हाला नुसती एक लुकलुक जाणवते. तिलाच आपण बंदुकीचा बार समजतो.

आधीचा तो काळा पडदा कशासाठी, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. उत्तर साधं आहे: लबाडी पकडण्यासाठी. १९७२च्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या घरगुती गेमयंत्राबरोबर वापरायची जी रायफल होती, ती सरळ दिव्याच्या बल्बवर रोखली तरी ‘लागला’ म्हणायची. इथे ते चालत नाही. पडदा काळा असतानाच बंदुकीला उजेड दिसला तर ती दुसरीकडे कुठेतरी बघते आहे हे खेळ ओळखतो आणि गोळी वाया जाते. १९८४ सालच्या खेळाच्या मानाने ही युक्ती मला आजही देखणी वाटते.

टीव्ही: इथे तडजोड नाही

मूळ बंदुकीने खेळायचं असेल तर पिक्चर ट्यूबचा जुना, मागून फुगलेला टीव्हीच लागतो. एलसीडी, एलईडी, प्लाझ्मा, प्रोजेक्टर यांतलं काहीही चालत नाही. कारणं दोन. पहिलं, सपाट टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतःजवळ ठेवून घेतो, त्यावर संस्कार करतो आणि मग दाखवतो. त्यात फ्रेम-दोन फ्रेमचा उशीर झाला की संपलं. खेळ ज्या क्षणी बंदुकीला ‘दिसलं का?’ असं विचारतो, त्या क्षणी पांढरा चौकोन पडद्यावर पोचलेलाच नसतो.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत एकेक आडवी ओळ रंगवत खाली येतो, सेकंदाला साधारण १५ हजार ७०० ओळी. त्यामुळे पडद्याचा उजेड त्या तालावर थरथरत असतो. आपल्या डोळ्याला तो थरथराट दिसत नाही, पण बंदुकीतलं सर्किट नेमकं त्याच तालाला कान लावून बसलेलं असतं. बल्बचा संथ उजेड तिला उजेडच वाटत नाही, आणि सपाट टीव्हीचाही नाही. म्हणून सेटिंगमधला ‘गेम मोड’ चालू करून उशीर कितीही कमी केला, तरी मूळ बंदूक आंधळीच राहते.

जुना टीव्ही मिळवतानाही डोळे उघडे ठेवा. पिक्चर ट्यूबच्या जमान्याच्या शेवटी १०० हर्ट्झचे टीव्ही आले होते. चित्र लुकलुकू नये म्हणून ते प्रत्येक चित्र दोनदा दाखवायचे, आणि त्यासाठी आत डिजिटल प्रक्रिया करायचे. म्हणजे सपाट टीव्हीचंच दुखणं. असा एक भलामोठा, देखणा टीव्ही मी कौतुकाने घरी आणला होता. पूर्ण संध्याकाळ एकही बदक पडलं नाही. बंदूक उघडली, पुसली, परत जोडली, तरी कुत्रा हसतोच आहे. शेवटी टीव्हीच्या मागे लिहिलेला आकडा वाचला. तेव्हा टीव्ही घेताना आधी तो आकडा वाचा. साधा, छोटा, काहीही ‘सुधारणा’ नसलेला टीव्ही इथे सगळ्यात उत्तम.

उचलताना दोघं जण असा आणि काच आपल्या छातीकडे ठेवा, कारण सगळं वजन पुढच्या काचेत असतं. मागचं झाकण मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जिवावर बेतेल इतका विजेचा भार साठून राहू शकतो.

जोडणी

इथे फार सांगण्यासारखं नाही. निन्टेन्डोच्या एनईएस कन्सोलला, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राला, बंदूक दुसऱ्या खाचेत लावायची आणि कंट्रोलर पहिल्या. बंदुकीचं नाव ‘झॅपर’. सुरुवातीची राखाडी रंगाची होती. पुढे खेळण्यातल्या बंदुका खऱ्या बंदुकांपासून ओळखू याव्यात असा नियम अमेरिकेत आला आणि झॅपर नारिंगी झाली. दोन्ही आतून सारख्याच, जी मिळेल ती घ्या. एनईएसचाच जपानी अवतार असलेल्या फॅमिकॉमची बंदूक मात्र जुन्या रिव्हॉल्व्हरसारखी दिसते आणि तिची खाच वेगळी आहे. कॅसेटचंही तसंच: फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना, एनईएसच्या कॅसेटला ७२. एकीची दुसऱ्यात बसत नाही.

कॅसेट सुटी मिळते, किंवा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’बरोबर एकाच कॅसेटमध्ये. ही जोड-कॅसेट जास्त सहज सापडते. चालली नाही तर तिच्यात फुंकर मारू नका. फुंकरीबरोबर थुंकीचा ओलावा जातो आणि पिना गंजतात. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिना पुसा आणि वाळू द्या.

कन्सोल आणि टीव्ही यांच्या मध्ये काहीही आणू नका. चित्र मोठं करून देणारे डबे, एचडीएमआयचे कन्व्हर्टर सगळे बाजूला ठेवा. थेट वायर, थेट टीव्ही.

खोली आणि अंतर

बंदूक डोळा असल्यामुळे खोलीतला उजेडही खेळात भाग घेतो. टीव्हीच्या काचेवर खिडकीचं प्रतिबिंब पडत असेल तर पडदा ओढा. दिवा तुमच्या मागे नको, बाजूला ठेवा. खोली पूर्ण काळोखी करायची मात्र गरज नाही.

टीव्हीचा ब्राइटनेस आणि काँट्रास्ट थोडा वाढवा. नेम बरोबर असूनही गोळ्या फुकट जात असतील तर पहिला उपाय हाच. पण काळा रंग राखाडी दिसू लागेल इतकंही चढवू नका, कारण बंदुकीला आधी खराखुरा अंधार दिसायला हवा. नळीच्या टोकाचं भिंगही मऊ फडक्याने पुसून घ्या. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या बंदुकीला मोतीबिंदू झालेला असतो.

उभं राहायचं ते साधारण दीड-दोन मीटरवर. नळी काचेला टेकवली की प्रत्येक बदक पडतं. लहान भावंडं हे स्वतःच शोधून काढतात, त्यांना शिकवावं लागत नाही. पहिल्या दिवशी हात बसेपर्यंत थोडं जवळ उभं राहायला हरकत नाही, मग एकेक पाऊल मागे या.

एक गंभीर सूचना: प्रत्येक चापाला पडदा लुकलुकतो. लुकलुकत्या उजेडाने कुणाला फिट येण्याचा त्रास असेल तर त्याने हा खेळ खेळू नये, बाजूला बसून बघूही नये.

आता नेम

सुरुवातीच्या पडद्यावर तीन पर्याय दिसतात. गेम ‘ए’मध्ये एका वेळी एक बदक, ‘बी’मध्ये दोन, आणि ‘सी’मध्ये मातीच्या तबकड्या. सिलेक्टने निवडा, स्टार्ट दाबा. पहिला आठवडा ‘ए’च खेळा.

कुत्रा हुंगत हुंगत येतो, थबकतो आणि गवतात उडी घेतो. पंखांची फडफड ऐकू आली की बदक वर येतं. प्रत्येक वेळी गोळ्या तीन. तिन्ही संपल्या किंवा वेळ संपली की आकाश गुलाबी होतं आणि बदक वरच्या वर निघून जातं. एका फेरीत दहा बदकं, आणि खाली दहा बदकांची रांग असते. त्या रांगेखालची निळी पट्टी नीट बघा. पुढच्या फेरीत जायला किती बदकं पाडावी लागणार, ते ती सांगते. बरेच जण महिनोन्महिने खेळतात आणि ती पट्टी कशासाठी आहे हे त्यांना ठाऊकच नसतं.

आता नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक. उडत्या पक्ष्याच्या थोडं पुढे नेम धरावा, असं आपण कुठेतरी ऐकलेलं असतं. खऱ्या बंदुकीत ते बरोबरच आहे, गोळीला पोचायला वेळ लागतो. इथे गोळीच नाही! चाप ओढल्याच्या त्याच क्षणी, बदक जिथे असेल तिथेच, पांढरा चौकोन उमटतो. पुढे नेम धरलात तर तुम्ही रिकाम्या आकाशाकडे बघता आहात. नेम थेट बदकावर, त्याच्या अंगाच्या मधोमध. इतर नेमबाजीच्या खेळांत हात बसलेला माणूस इथे सुरुवातीला हमखास आपटतो तो याचमुळे, आणि तो आपटताना बघायला मला मनापासून आवडतं.

दुसरी चूक घाईची. बदक गवतातून निघाल्या निघाल्या धाडकन पहिली गोळी, ती चुकली म्हणून चिडून दुसरी, आणि तिसरी कुठे गेली ते देवाला माहीत. बदक सरळ रेषेत उडतं, मग वळतं, पडद्याच्या कडेला आपटून परत फिरतं. वळण कधी घेईल ते सांगता येत नाही. पण वळून झाल्यावर पुढचा थोडा वेळ ते सरळच जाणार असतं. तोच तुमचा क्षण. म्हणजे नळी बदकाबरोबर फिरवत राहायची, वळण घेऊ द्यायचं, आणि ते नव्या वाटेला लागलं की चाप. कडेला आपटताना तर ते कुठून परत येणार हेही कळतं. हा हाताच्या वेगाचा खेळ वाटतो, पण आहे दबा धरून बसण्याचा.

तिसरी गोष्ट चापाची. झॅपरचा चाप जड आहे आणि दाबताना ‘ठक्क’ असा धातूचा आवाज करतो. अर्धवट दाबून सोडू नका, आवाज येईपर्यंत पूर्ण ओढा. आणि झटका देऊ नका, कारण त्या झटक्यानेच नळी खाली जाते. हात पुढे ताणून एका हाताने धरण्यात रुबाब आहे, मान्य. पण दुसरा हात दस्त्याखाली घेतलात की नेम लगेच सुधारतो. वरच्या खाचेतून एक डोळा मिटून बघायची सवय मात्र लवकर सोडा. दोन्ही डोळे उघडे असले की बदक वळलेलं आधी दिसतं.

सुरुवातीच्या दहा फेऱ्यांत दहापैकी सहा बदकं पुरतात. अकरावीपासून सात लागतात, तेराव्या फेरीपासून आठ, पंधरावीपासून नऊ, आणि विसाव्या फेरीपासून दहाच्या दहा. बदकांचा वेगही वाढतच जातो. गुणांसाठी खेळत असाल तर रंग बघा. पहिल्या पाच फेऱ्यांत काळ्या बदकाचे ५००, निळ्याचे १०००, लाल बदकाचे १५००. लालबुंद बदक दिसलं म्हणून हात थरथरू देऊ नका, एवढंच. फेऱ्यांचा आकडा ९९पर्यंत जातो. त्यापुढे तो शून्यावर येतो आणि खेळच बिथरतो. तिथवर पोचाल तेव्हा बघू.

‘ए’मध्ये विसावी फेरी दिसू लागली की ‘बी’कडे वळा. तीन गोळ्यांत दोन पक्षी, म्हणजे चुकायला एकच गोळी. दोघांकडे आलटून पालटून बघू नका. आधी एक निवडा आणि ते पडेपर्यंत दुसरं जगातच नाही असं समजा. मी कडेच्या जवळचं आधी घेतो, कारण त्याच्या वाटा कमी उरलेल्या असतात.

‘सी’ची तऱ्हा वेगळी आहे. तबकड्या तुमच्याकडून दूर, डोंगराच्या दिशेने फेकल्या जातात आणि बघता बघता ठिपक्याएवढ्या होतात. इथे वाट बघत बसलात तर हाती काही लागत नाही. वर सांगितलेला धीर इथे विसरा, त्या वर चढत असतानाच बार काढा. कुत्रा इथे नसतो. मला त्यामुळे हा प्रकार थोडा सुना सुना वाटतो.

जुना टीव्ही नसेल तर

निन्टेन्डोच्याच वी यू कन्सोलवर २०१४च्या अखेरीस हा खेळ आला. त्यात वी रिमोटने नेम धरायचा असतो, त्यामुळे सपाट टीव्ही चालतो. पण त्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३मध्ये खरेदीसाठी बंद झालं. तेव्हा ज्याने आधीच घेऊन ठेवला आहे अशा मित्राशी सलोखा ठेवा. २०१६च्या छोट्या एनईएस क्लासिकमध्ये तीस खेळ होते, त्यात हा नव्हता. बंदुकीशिवाय देऊन करायचं तरी काय?

कॉम्प्युटरवर एमुलेटरने, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरने, खेळायचं असेल तर सपाट पडद्यावर चालणाऱ्या नव्या बंदुका आहेत. सिन्डेन नावाच्या बंदुकीत कॅमेरा असतो. पडद्याभोवती पांढरी चौकट दाखवली जाते, कॅमेरा ती चौकट बघून नेम कुठे आहे ते काढतो. गन-फोर-आयआर या दुसऱ्या पद्धतीत पडद्याभोवती इन्फ्रारेड दिवे लावावे लागतात. सोल्डरिंगची हौस असलेल्यांना ती जास्त भावते. दोन्हींत नेम आधी जुळवून घ्यावा लागतो. मूळ झॅपरला तो उद्योग कधीच नव्हता: लावा आणि मारा.

माउसने मात्र खेळू नका. चिन्ह बदकावर नेऊन टिचकी मारणं म्हणजे पत्ता लिहून पत्र टाकणं. हात हवेत अधांतरी धरलेला, खांद्याला रग लागलेली, तिसरी गोळी उरलेली, ही मजा त्यात उतरत नाही.

हात बसल्यावर

या खेळात दोघांना एकदम खेळायची एक वाट आहे, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. गेम ‘ए’मध्ये पहिल्या खाचेतला कंट्रोलर बदकाला वळवतो. एक जण बंदूक धरतो, दुसरा बदक होतो. लहान मुलाच्या हाती कंट्रोलर द्या आणि बघा, तो बदकाला कसा नाचवतो ते. वळल्यावर बदक थोडा वेळ सरळ जातं हा माझा वरचा नियम अशा वेळी साफ कोलमडतो, आणि मग खरा कस लागतो.

टीव्हीवरच्या या खेळाच्या आधीही निन्टेन्डोने १९७६ साली याच नावाचं एक खेळणं काढलं होतं. त्यात बदकाचं चित्र भिंतीवर उमटायचं आणि त्यावर बंदूक रोखायची. अशा बंदुकांच्या कामात निन्टेन्डोचे गुनपेई योकोई होते आणि मासायुकी उएमुरा होते. हे उएमुरा शार्प कंपनीतून आले होते, तिथे ते सोलर सेल विकायचे. उजेड पडला की वीज देणारी चकती, म्हणजे पुन्हा डोळाच. पुढे फॅमिकॉम याच उएमुरांनी घडवला, तेव्हा बंदूक त्या घरात जन्मापासूनच होती असं म्हणायला हरकत नाही.

आणि सगळ्यांचा शेवटचा प्रश्न: त्या हसणाऱ्या कुत्र्याला गोळी घालता येते का? घरच्या कॅसेटमध्ये नाही. कितीही नेम धरा, तो हसून गवतात जातो. पण आर्केडमधल्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरच्या, ‘व्हीएस. डक हंट’मध्ये बोनस फेरीत तो बदकांच्या मधेच उडी मारतो आणि तिथे त्याला लागतं. मग कुबड्या घेऊन, पट्ट्या बांधून तो परत येतो आणि मला नाही, बदकांना मारा असं सुनावतो. बोनस फेरी तिथेच संपते.